ओळ आणि ओळख : बहुस्तंभी सूचीची रचना व भरणी

१

कोशकाराचे मूळ साधन म्हणजे शब्दपट्टी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे ह्यांच्या पुढाकाराने संस्कृत भाषेच्या ऐतिहासिक महाकोशाचे कार्य सुरू झाले. त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी पट्ट्या सिद्ध करण्यात आल्या आणि कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा पट्टीचा एक गुण इतका स्वाभाविक आहे की त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पट्टी एका खणातून दुसऱ्या खणात ठेवली, किंवा सर्व पट्ट्यांचा क्रम पुन्हा नव्याने लावला, तरी प्रत्येक पट्टी तीच राहते. तिच्यावरील शब्द, अर्थ आणि संदर्भ तिच्याबरोबरच प्रवास करतात. जागा बदलली म्हणून ओळख बदलली असे तेथे कधी होत नाही.

आज बोलींचा किंवा शब्दसंग्रहाचा अभ्यास करणारा विद्यार्थी पट्ट्यांऐवजी संगणकावरील फाइल वापरतो, आणि त्या फाइलीतील नोंदी पडद्यावर एका बहुस्तंभी सूचीत पाहतो. शब्द, व्याकरणिक वर्ग, अर्थ, गाव, वक्त्याचे वय असे स्तंभ डावीकडून उजवीकडे असतात. नोंदी वरून खाली असतात. शीर्षकावर क्लिक केले की सारी सूची त्या स्तंभाप्रमाणे लावली जाते. बाह्यतः हा पट्ट्यांचा खणच भासतो. वस्तुतः पट्टीचा वर सांगितलेला गुण ह्या सूचीच्या ओळीत नसतो. तो रचनाकाराने बुद्धिपुरस्सर निर्माण करावा लागतो. तो निर्माण न केल्यास काय घडते, आणि करावयाचा तर कसा, हे विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

विवेचनासाठी ‘ऑटोहॉटकी’ ही स्क्रिप्टभाषा निवडली आहे. विंडोज प्रणालीवरील छोटी कामे स्वयंचलित करण्यासाठी ख्रिस मॅलेट ह्यांनी ती २००३ साली प्रथम प्रसृत केली. तिची दुसरी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये स्थिर झाली आणि येथील वर्णन त्या आवृत्तीस अनुसरून आहे. बहुस्तंभी सूचीला ह्या भाषेत ‘लिस्टव्ह्यू’ असे नाव आहे. हे साधन मूळचे ह्या भाषेचे नव्हे. ते विंडोज प्रणालीचेच असून १९९५ च्या आवृत्तीपासून फाइलींची यादी दाखविणाऱ्या खिडक्यांमुळे सर्वांच्या परिचयाचे झाले आहे.

२

सूचीची रचना अगदी थोडक्यात होते. प्रथम एक खिडकी निर्माण करावयाची, तीत ‘ॲड’ ह्या आज्ञेने लिस्टव्ह्यू घालावयाचा आणि त्याच वेळी स्तंभांच्या शीर्षकांची यादी द्यावयाची. जितकी शीर्षके तितके स्तंभ. सूचीची रुंदी किती असावी आणि एका वेळी किती ओळी दिसाव्यात, हेही त्याच आज्ञेच्या पर्यायांत सांगता येते. स्तंभांचे क्रमांक एकपासून सुरू होतात.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वापरणाऱ्यास शीर्षक धरून स्तंभ डावीउजवीकडे ओढता येतो. ‘अर्थ’ हा तिसरा स्तंभ त्याने ओढून पहिल्या जागी आणला, तरी स्क्रिप्टच्या दृष्टीने तो तिसराच राहतो. दिसण्यातील स्थान आणि स्तंभाचा क्रमांक ह्यांची भाषेने फारकत केलेली आहे. म्हणजे स्तंभाला पट्टीसारखी स्वतःची ओळख आहे. ओळीच्या बाबतीत अशी फारकत नाही, आणि पुढील साऱ्या अडचणींचे मूळ ह्या विषमतेत आहे.

३

रचनेनंतर भरणी. संगृहीत शब्द साध्या मजकुराच्या फाइलीत असावेत, प्रत्येक नोंद एका ओळीवर असावी आणि नोंदीतील अंगे टॅब ह्या चिन्हाने वेगळी केलेली असावीत. स्वल्पविरामाने वेगळी करणे घातक ठरते. कारण अर्थाच्या स्तंभात स्वल्पविराम हमखास येतो आणि एका अर्थाचे दोन स्तंभ होतात. फाइल वाचताना ती यूटीएफ-८ ह्या संकेतपद्धतीत आहे हे स्पष्टपणे सांगावे लागते. फाइलीच्या आरंभी तशी खूण नसेल आणि स्क्रिप्टनेही तसे सांगितले नसेल, तर ही भाषा संगणकाची मूळ संकेतपद्धती गृहीत धरते आणि देवनागरी मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात.

वाचलेली प्रत्येक ओळ टॅबपाशी तोडावयाची, आणि मिळालेले तुकडे सूचीच्या ‘ॲड’ ह्या पद्धतीस क्रमाने द्यावयाचे, म्हणजे एक नवी ओळ भरली जाते. नोंदी शेकड्यांत असतील तर एवढे पुरे. त्या हजारांत गेल्या की दोन उपाय उपयोगी पडतात. पहिला उपाय म्हणजे भरणी चालू असेपर्यंत सूचीचे पुनर्रेखन थांबवून ठेवणे; नाहीतर प्रत्येक नव्या ओळीबरोबर पडदा पुन्हा रेखाटला जातो आणि वेळ व्यर्थ जातो. दुसरा उपाय म्हणजे अपेक्षित नोंदींची संख्या ‘काउंट’ ह्या पर्यायाने आधीच कळविणे. ही संख्या मर्यादा नव्हे. ती ओलांडली तरी भरणी थांबत नाही. तिच्यामुळे स्मृतीतील जागा एकदम राखून ठेवली जाते इतकेच.

स्तंभांची रुंदी मात्र भरणी पुरी झाल्यावरच ठरवावी. ‘मॉडिफायकॉल’ ही आज्ञा कोणताही तपशील न देता दिली असता सर्व स्तंभ आपापल्या मजकुराइतके रुंद होतात. अर्थात् मजकूर येण्यापूर्वी ती दिल्यास तिला मोजण्यासारखे काही नसते.

४

येथवर सर्व सुरळीत आहे, आणि पुष्कळ रचनाकार येथेच थांबतात. ‘ॲड’ ही पद्धत नव्या ओळीचा क्रमांक परत देते. फाइलीतील नोंदी एका अनुक्रमित संग्रहातही ठेवलेल्या असतात. त्यामुळे सूचीतील दुसरी ओळ म्हणजे संग्रहातील दुसरी नोंद, असे समीकरण मनात बसते. सूची जशी भरली तशीच राहील तोपर्यंत हे समीकरण खरे असते.

समजा, एका संग्रहात गोळा केल्याच्या क्रमाने पाच नोंदी आहेत : १ वळई, २ पाट, ३ आगर, ४ पाट, ५ खळे. वापरणाऱ्याने ‘शब्द’ ह्या शीर्षकावर क्लिक केले. आता पडद्यावरील क्रम आगर, खळे, पाट, पाट, वळई असा झाला. ‘खळे’ ह्या शब्दाचा अर्थ अपुरा आहे असे पाहून त्याने ती ओळ निवडली आणि ‘धान्य मळण्याची जागा’ असा अर्थ लिहिला. स्क्रिप्टला कळले ते एवढेच की दुसऱ्या ओळीत बदल झाला. तिने संग्रहातील दुसरी नोंद काढली आणि तीत नवा अर्थ घातला. संग्रहातील दुसरी नोंद ‘पाट’ ही होती. फाइल जपून ठेवली गेली. कोणतीही सूचना आली नाही. पडद्यावरील सूचीत तर ‘खळे’ ह्याच शब्दापुढे नवा अर्थ यथास्थित दिसत राहिला. चूक उघड होते ती फाइल पुन्हा उघडल्यावर, आणि तेव्हाही ‘पाट’ ह्या ओळीकडे कोणी मुद्दाम पाहील तरच.

ह्या चुकीचे गांभीर्य तिच्या मौनात आहे. जो प्रोग्राम मध्येच बंद पडतो तो निदान आपण बिघडलो असे सांगतो. येथे प्रोग्राम चालत राहतो आणि संग्रह हळूहळू सडत जातो. बोलीच्या संग्रहात पाटाचा अर्थ खळे असा नोंदला गेला, तर पुढील अभ्यासक त्यास लिहिण्यातील चूक न मानता अर्थांतराचा पुरावा मानण्याचा संभव आहे. मूळ वक्त्याकडे पुन्हा जाणे पुष्कळदा शक्यही नसते. अशा स्थितीत यंत्राने केलेला घोटाळा भाषेच्या नावावर जमा होतो.

सूचीला आपोआप क्रम लावण्याचा पर्याय आरंभीच दिलेला असेल, तर भरणीच्या वेळीच हे समीकरण मोडते. अशा सूचीत नवी ओळ शेवटी न जाता आपल्या क्रमाच्या जागी घुसते आणि तिच्या खालच्या सर्व ओळींचे क्रमांक एकाने वाढतात. ओळी वगळतानाही तेच होते. तिसरी ओळ वगळली की चौथी तिसरी होते. म्हणून निवडलेल्या अनेक ओळी वगळावयाच्या असतील तर खालून वर जावे. वरून खाली जाणारा प्रत्येक वेळी एक ओळ चुकवतो.

५

ओळीच्या क्रमांकाशी संबद्ध असा दुसरा धोका शून्याचा आहे. निवडलेली ओळ कोणती हे ‘गेटनेक्स्ट’ ह्या पद्धतीने विचारावयाचे असते. एकही ओळ निवडलेली नसेल तर उत्तर शून्य येते. येथे शून्याचा अर्थ ‘काही नाही’ असा आहे. परंतु हेच शून्य ‘गेटटेक्स्ट’ ह्या पद्धतीस ओळीचा क्रमांक म्हणून दिले, तर ती स्तंभाचे शीर्षक परत देते. तेथे शून्याचा अर्थ ‘शीर्षकाची ओळ’ असा होतो. आणि ‘मॉडिफाय’ ह्या पद्धतीस ते दिले, तर सूचीतील यच्चयावत् ओळी बदलल्या जातात. तेथे शून्याचा अर्थ ‘सर्व’ असा होतो.

पाणिनीय परंपरेतील लोपाची किंवा आधुनिक भाषाविज्ञानातील शून्य-प्रत्ययाची कल्पना परिचित असलेल्या वाचकास ह्यात नवल वाटू नये. अभावाचे चिन्ह संदर्भानुसार निरनिराळे कार्य करते. परंतु बोलणारा माणूस संदर्भ जाणतो. स्क्रिप्ट तो जाणत नाही. ओळ न निवडता ‘बदला’ ही कळ दाबली गेली आणि मध्ये तपासणी नसली, तर एका शब्दाचा अर्थ पडद्यावरील प्रत्येक शब्दाला चिकटतो. म्हणून ‘गेटनेक्स्ट’चे उत्तर शून्य आहे काय हे पाहणे, आणि असल्यास तेथेच थांबणे, हा नियम अपवादाविना पाळला पाहिजे.

६

ओळीचा क्रमांक भरवशाचा नाही हे मान्य केल्यावर नोंदीची ओळख कशाने पटवावी, हा प्रश्न उरतो. पहिला विचार साहजिकच शब्दाचा येतो : ‘खळे’ ही नोंद ‘खळे’ ह्या शब्दावरून शोधावी. भाषेचा अभ्यासक हा मार्ग तत्काळ नाकारील. बसावयाचा पाट, पाण्याचा पाट आणि विधवेचा वा घटस्फोटितेचा पाट हे तीन शब्द लेखनात आणि उच्चारात एकच आहेत. तिन्ही पुल्लिंगी नामे असल्यामुळे व्याकरणिक वर्गाचा स्तंभही त्यांस वेगळे करू शकत नाही. अर्थ जोडून ओळख करावी, तर अर्थ हाच दुरुस्त करावयाचा असतो. जे बदलणार आहे ते ओळखीचे साधन होऊ शकत नाही.

म्हणून प्रत्येक नोंदीस ती प्रथम लिहिली जाताना एक ओळखक्रमांक द्यावा. तो अर्थशून्य असावा, कधी बदलू नये, आणि नोंद वगळली गेली तरी पुन्हा दुसरीस देऊ नये. हा क्रमांक फाइलीत नोंदीबरोबर राहील आणि सूचीत एका जादा स्तंभात बसेल. त्या स्तंभाची रुंदी शून्य केली की तो दिसत नाही. तरीही ‘गेटटेक्स्ट’ने तो वाचता येतो, आणि क्रम कसाही लावला तरी तो आपल्या ओळीबरोबरच सरकतो. येथे दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. सर्व स्तंभांची रुंदी आपोआप ठरविणारी आज्ञा ह्या लपविलेल्या स्तंभासही रुंद करते. तेव्हा तो लपविण्याचे काम तिच्यानंतर करावे. शिवाय सूचीतच टंकून दुरुस्ती करण्याची मुभा दिल्यास ती केवळ पहिल्या स्तंभास लागू होते. म्हणून ओळखक्रमांक पहिल्या स्तंभात न ठेवता शेवटी ठेवावा.

नोंदींचा खरा संग्रह आता अनुक्रमाने न ठेवता ‘मॅप’ ह्या रचनेत ठेवावयाचा. तीत ओळखक्रमांक सांगितला की नोंद मिळते. दुरुस्तीचा मार्ग पुढीलप्रमाणे होतो : निवडलेल्या ओळीतून ओळखक्रमांक तत्क्षणी वाचावा, त्यावरून संग्रहातील नोंद काढावी, दुरुस्ती नोंदीत करावी, मग ती दाखविणारी ओळ ओळखक्रमांकावरून पुन्हा शोधून पडद्यावरील मजकूर बदलावा. दुरुस्तीची खिडकी उघडी असताना वापरणाऱ्याने सूचीचा क्रम बदलला, तरी ह्या मार्गाने घोटाळा होत नाही. कारण ओळीचा क्रमांक कोठेही जपून ठेवलेला नसतो. फाइल लिहितानाही संग्रहातूनच लिहावी, पडद्यावरून नव्हे. सूची हे नोंदींचे दर्शन होय. ते नोंदींचे भांडार नव्हे.

७

नोंदीची ओळख अशी सुरक्षित झाल्यावरच क्रम लावण्याचा विचार निर्धास्तपणे करता येतो. शीर्षकावर क्लिक करताच लागणारा क्रम हा मूलतः चिन्हांच्या संकेतांकांचा क्रम असतो, आणि युनिकोडमधील देवनागरी संकेतांकांचा क्रम मराठी वर्णक्रमाशी सर्वत्र जुळत नाही. युनिकोडात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो. मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. परिणामी माल, मास, माळ ह्या अपेक्षित क्रमाऐवजी माल, माळ, मास असा क्रम लागतो. इंग्रजी शब्दांसाठी रूढ झालेला ॲ हा स्वर युनिकोडमध्ये २००८ साली आला आणि त्याला ह च्याही पुढचा संकेतांक मिळाला. त्यामुळे ‘ॲसिड’ हा शब्द स्वरांत न येता ‘हौद’ ह्या शब्दाच्याही खाली जातो. क्ष आणि ज्ञ ह्यांस यंत्र जोडाक्षरे मानते आणि क व ज ह्यांच्या पोटात ठेवते. शालेय वर्णमालेत ती शेवटी येतात. तेव्हा कोणता क्रम स्वीकारावयाचा, हा निर्णय संग्राहकाचा आहे.

वापरणाऱ्याच्या संगणकाच्या प्रादेशिक मांडणीप्रमाणे क्रम लावण्याचा पर्याय ह्या भाषेत आहे. परंतु मांडणी भिन्न असल्यास तीच सूची दोन संगणकांवर दोन क्रमांनी लागू शकते. संशोधनाच्या कामात हे इष्ट नव्हे. अधिक विश्वसनीय उपाय असा की प्रत्येक शब्दापासून एक क्रमकळ तयार करावी. प्रत्येक वर्णास स्वीकृत वर्णक्रमातील दोन अंकी स्थान द्यावे आणि शब्दाच्या जागी ह्या अंकांची माळ लिहावी. व्यंजनातील अंतर्भूत अ यंत्रात लिहिला जात नाही. क्रमकळीत मात्र त्यासही स्थान द्यावे, म्हणजे स्वरांची तुलना समान पातळीवर होते. ही क्रमकळ दुसऱ्या लपविलेल्या स्तंभात ठेवावी. ‘शब्द’ ह्या स्तंभाचा स्वयंचलित क्रम ‘नोसॉर्ट’ ह्या पर्यायाने बंद करावा, आणि त्याच्या शीर्षकावर क्लिक झाले की क्रमकळीच्या स्तंभाप्रमाणे क्रम लावावा. वापरणाऱ्यास दिसतात शब्द. क्रम मात्र अंकांचा लागतो.

वयासारख्या संख्यात्मक स्तंभाचेही असेच आहे. मजकूर म्हणून तुलना केल्यास १०५ हे ९ च्या आधी येते, कारण पहिल्या चिन्हांची तुलना होताच निकाल लागतो. आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिलेल्या स्तंभास ‘इंटिजर’ हा पर्याय दिला की ही अडचण दूर होते. देवनागरी अंक दाखवावयाचे असतील, तर ००९, १०५ अशा समान लांबीच्या क्रमकळी वेगळ्या ठेवणे सुरक्षित.

ह्याच टप्प्यावर लेखनातील द्वैतही तपासले पाहिजे. ॲ हे अक्षर एकाच संकेतांकाने लिहिता येते, तसेच अ वर अर्धचंद्र देऊनही लिहिता येते. ‘वऱ्हाड’ ह्या शब्दातील अर्धा ऱ्ही दोन प्रकारांनी लिहिला जातो. डोळ्यांस दोन्ही रूपे एकच. यंत्रास ती भिन्न. क्रमकळ तयार करताना दोन्ही रूपांस एकच स्थान दिले नाही, तर एकाच शब्दाच्या दोन नोंदी सूचीच्या दोन टोकांस जाऊन बसतात. ‘पाट’ ह्या उदाहरणात दिसावयास एक असलेले शब्द ओळखीने तीन होते. येथे संकेतांकांनी दोन असलेली रूपे वस्तुतः एक आहेत. दोन्ही ठिकाणी दृश्य रूपावर विसंबणारा फसतो.

८

ओळीस ओळख नसणे हा बहुस्तंभी सूचीचा अपरिहार्य दोष नव्हे, हे दुसऱ्या एका भाषेच्या तुलनेने दिसून येते. जॉन आउस्टरहाउट ह्यांनी बर्कली येथे निर्माण केलेल्या ‘टीसीएल’ ह्या स्क्रिप्टभाषेस ‘टीके’ ह्या साधनसंचाची जोड आहे. त्या संचाच्या ८.५ ह्या आवृत्तीत, म्हणजे २००७ साली, ‘ट्रीव्ह्यू’ हे साधन अंतर्भूत झाले. तीतही अनेक स्तंभांची सूची करता येते. परंतु तेथे प्रत्येक नोंदीस जन्मतःच एक नाव मिळते. रचनाकाराने ते दिले नाही तर साधन स्वतः देते. निवड कोणती, असे विचारले असता नाव परत येते, स्थान नव्हे. स्थान हवे असल्यास ते नावावरून वेगळे विचारावे लागते. उलटपक्षी, शीर्षकावर क्लिक करून आपोआप क्रम लावण्याची सोय तेथे नाही. रचनाकाराने नोंदींचा क्रम स्वतः ठरवून त्या एकेक हलवावयाच्या असतात. आणि त्यामुळेच मराठी वर्णक्रमाचा विचार त्यास आरंभापासून करावा लागतो. एका साधनाने क्रम दिला व ओळख रचनाकारावर सोपविली; दुसऱ्याने ओळख दिली व क्रम रचनाकारावर सोपविला. साधन निवडताना त्याने काय दिले आहे ह्याबरोबरच काय आपल्यावर सोपविले आहे, हेही पाहिले पाहिजे.

९

सारांश असा की, बहुस्तंभी सूचीची रचना आणि भरणी ही काही आज्ञांची बाब आहे. तिचा विश्वसनीय उपयोग ही विचाराची बाब आहे. ओळ हे स्थान आहे आणि ते क्षणोक्षणी बदलते. शब्द हे रूप आहे आणि ते अनेक नोंदींस समान असू शकते. नोंदीची ओळख ह्या दोहोंहून वेगळी असल्यामुळे ती वेगळीच लिहून ठेवली पाहिजे. नवी सूची वापरात आणण्यापूर्वी एक साधी कसोटी घ्यावी : काही नोंदी भराव्या, क्रम उलटा लावावा, मधल्या एका ओळीत दुरुस्ती करावी, फाइल बंद करून पुन्हा उघडावी, आणि दुरुस्ती योग्य त्याच नोंदीत गेली आहे काय हे पाहावे. नोंदींत किमान दोन ‘पाट’ असावेत. ह्या कसोटीस काही मिनिटेच लागतात. ती टाळल्यास पुढे संपूर्ण संग्रह नोंद न् नोंद तपासण्याची पाळी येऊ शकते.